डब्यातला दिवा

आत्या लिफ्ट दुरुस्त करते. बावीस वर्षं झाली. तक्रारीचा फोन आला की समोरचा माणूस सांगत सुटतो: दार अडकतं, खडखड होते, मधेच थांबते. आत्या सगळं ऐकून घेते आणि एकच विचारते, "कधी?" सकाळी की दुपारी, रिकामी असताना की भरलेली, वर जाताना की खाली येताना. काय बिघडलंय ते ती नंतर बघते.

सुट्टीच्या दिवशी ती गिटारची पेडल बनवते. गिटार तिला वाजवता येत नाही. पेडल म्हणजे पायाशी ठेवायचा डबा. गिटारची वायर त्याच्या एका बाजूने आत शिरते, दुसरी वायर पलीकडून निघून अँप्लिफायरला जाते आणि मधल्या मधे आवाजाचं काहीतरी होतं. तो फाटतो, घुमतो, लांबतो. आत्याच्या मागच्या खोलीत असे एकोणीस डबे आहेत. बहुतेक बिस्किटांचे, दोन चहाचे. एक बुटाच्या पॉलिशची डबी आहे, तिच्यात सामान इतकं गच्च बसवलंय की झाकण लावायला दोन माणसं लागतात. प्रत्येकावर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख आणि शेरा. 'बरा.' 'कुरकुरतो.' 'शेजाऱ्यांना आवडला नाही.'

हे सगळे उद्योग बाबांसाठी. बाबा तिचा धाकटा भाऊ. ते छापखान्यात काम करतात आणि अठरा वर्षं चार जणांच्या एका बँडमध्ये गिटार वाजवतात. मागच्या वर्षी छापखान्याच्या जिन्यावरून घसरून त्यांचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण अनामिका पूर्वीसारखी झाली नाही. बाबा बोटांनी तारा छेडतात: अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अनामिका. आता पहिले तीन सूर ऐकू यायचे आणि चौथ्याच्या जागी नुसती तारेला बोट लागल्याची चाहूल.

अशात बँडला ग्रंथालयाच्या सभागृहात कार्यक्रम मिळाला. ड्रम वाजवणारे दातांचे डॉक्टर घरी आले. चहा पूर्ण गार होईपर्यंत त्यांनी हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि मग म्हणाले, "शनिवारी तालमीला ये. जमलं तर उत्तमच. नाही जमलं तर या वेळेपुरता माझा भाचा बसेल."

ते गेल्यावर बाबांनी गिटार पेटीत ठेवली आणि पेटी कपाटावर टाकली. 'या वेळेपुरता'चा अर्थ घरात सगळ्यांना कळला होता.

दुसऱ्या दिवशी आत्याने स्टूल घेऊन पेटी खाली काढली.

"ताई, राहू दे."

"राहू देण्यासारखं काय आहे त्यात? चल, मागच्या खोलीत बस."

तिने जे बनवायला घेतलं त्याची कल्पना इतकी साधी होती की भौतिकशास्त्राची पदवी घेऊनही मला ती सुचली नसती याची लाज वाटली. डब्यात एक बारीक दिवा आणि त्याच्यासमोर एक चकती. ही चकती अंधारात वीज अडवते आणि उजेड पडला की सोडते. जोरात तार छेडली की दिवा उजळतो, चकती वीज सोडते आणि आवाजाचा तेवढा हिस्सा बाजूला काढला जातो. हळू छेडली तर दिवा जेमतेम पेटतो आणि आवाज पुरता पुढे जातो. मग सगळाच आवाज थोडा वाढवायचा. अंगठ्याची दादागिरी कमी, अनामिकेला बोलायला जागा. दिवा आणि चकती मिळून काळ्या नळीत बंद करायची, म्हणजे बाहेरचा उजेड चकतीला लागत नाही.

पण किती दाबायचं आणि किती सोडायचं? मी वही काढली. आत्याने अँप्लिफायर बंद केला. आतल्या दिव्याच्या जोडीला तसाच एक दिवा तिने वायरीने बाहेर टेबलावर आणला आणि म्हणाली, "वाजव."

"आवाज तरी चालू कर."

"तुझा आवाज मला पाठ आहे, बाळ्या. मला हात बघायचाय."

चोपन्न वर्षांचा बाळ्या निमूटपणे वाजवू लागला. खोलीत जवळजवळ शांतता. टेबलावर दिवा लखलखीत, मध्यम, मध्यम, मंद. लखलखीत, मध्यम, मध्यम, मंद. माझ्या वडिलांचा हात मी आयुष्यात पहिल्यांदा असा सुटासुटा पाहिला. आत्या दिव्याकडे बघत स्क्रू केसाएवढा फिरवायची, "पुन्हा" म्हणायची, पुन्हा बघायची. तासाभरात तिने हात झटकले. मग मी हौसेने तेच सगळं उपकरण लावून मोजलं. मला पूर्ण रविवार लागला. तिच्यात आणि माझ्यात तीन टक्क्यांचा फरक आला, आणि ते तीन टक्के बहुधा माझेच चुकले होते.

बाबांना तो बाहेरचा दिवा आवडला, म्हणून तो झाकणावर बसवायचं ठरलं. ते काम माझ्याकडे आलं. "आणि नळी दोन्ही टोकांनी नीट बंद कर," आत्या म्हणाली.

शनिवारी दुपारी डॉक्टरांचा दवाखाना बंद असतो, म्हणून तालीम त्याच्या बाहेरच्या खोलीत. खुर्च्या भिंतीला लावलेल्या, दाढेच्या मोठ्या चित्राखाली ड्रम, पश्चिमेला खिडकी. बाबांनी डबा पायाशी ठेवला. पहिलं गाणं सुरू झालं आणि चौथा सूर आला. प्रत्येक वेळी आला. गाणाऱ्या बाईंनी गाता गाताच वळून बाबांकडे पाहिलं.

दुसऱ्या गाण्यात मधेच गिटारचा आवाज बसला. पुन्हा वर आला. पुन्हा बसला, आणि चौथा सूर तर पार गेला. बाबा थांबले. उजव्या हाताकडे बघत म्हणाले, "थकला. इतकंच चालणार हा आता." ते खांद्यावरचा पट्टा काढायला लागले.

"होतं रे," डॉक्टर ड्रमकडे बघत म्हणाले. "गॅप पण किती पडली."

मी गुडघ्यांवर बसून बॅटरी तपासली, वायरी हलवून पाहिल्या. सगळं ठीक होतं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर आत्या पर्स मांडीवर घेऊन बसली होती.

"कधी?" तिने विचारलं.

"अगं आत्ताच, तुझ्यासमोर!"

"तुला नाही विचारलं, शास्त्रज्ञबाई." ती स्वतःलाच विचारत होती. "बाळ्या, पट्टा घाल आणि वाजव. काही झालं तरी थांबू नकोस."

बाबा मोठ्या बहिणीचं ऐकतात. ते वाजवू लागले. चौथा सूर स्पष्ट होता. पंख्याच्या वाऱ्याने पडदा फुगला, उन्हाचा पट्टा फरशीवरून सरकत डब्यावर आला आणि आवाज बसला. पडदा परतला, आवाज वर. मी आवाज ऐकत होते; आत्या पडद्याकडे बघत होती.

ती उठली आणि खिडकी आणि डब्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. तिची सावली डब्यावर पडली.

"हात नाही," ती म्हणाली. "खिडकी."

बाबांनी ते गाणं शेवटपर्यंत वाजवलं. आत्या पूर्ण वेळ तशीच उभी होती, पर्स दोन्ही हातांत धरून, एखाद्या मजल्यावर लिफ्टची वाट बघत असल्यासारखी.

गाणं संपल्यावर मी सगळं कबूल केलं. दिवा तीन मिलिमीटरचा होता, पण हाताशी ड्रिल पाच मिलिमीटरचंच होतं, म्हणून भोक मोठं झालं आणि भोवती फट राहिली. शिवाय नळी तापवून आवळायची असते. चकती भाजेल या भीतीने, आणि पुन्हा मोजता यावं म्हणून, मी तिचं एक टोक उघडं ठेवलं होतं. आत्याच्या मागच्या खोलीला खिडकीच नाही. तिथे ही चूक कधी दिसलीच नसती.

"पुन्हा मोजता यावं म्हणून?" आत्या म्हणाली. एवढंच. पण बाबा हसले, आणि ते गेल्या कित्येक महिन्यांत इतके मोठ्याने हसले नव्हते.

डॉक्टर ड्रम सोडून उठले. "आणा तो डबा इकडे. फट बुजवायची ना? तीस वर्षं दुसरं केलंय काय मी?" ते आत गेले आणि दाताचे ठसे घ्यायचं गुलाबी मेण मऊ करून घेऊन आले. दिव्याभोवतीची फट त्यांनी अंगठ्याने इतकी सफाईने भरली की मला दाढ भरून घ्यावीशी वाटली.

"आणि भाचा?" बाबांनी पट्टा सारखा करत विचारलं.

"भाच्याला दवाखान्यात बसवतो. पुढचं गाणं कोणतं?"

आत्या आता खिडकीपासून बाजूला झाली. पडदा फुगला, ऊन डब्यावर आलं आणि गेलं. आवाजाला काही झालं नाही. झाकणावरचा दिवा मात्र दिसत होता: लखलखीत, मध्यम, मध्यम, मंद. हात तोच होता.

घरी येऊन मी नळी दोन्ही टोकांनी बंद केली. चकती भाजली नाही. आत्याने विसाव्या डब्यावर चिठ्ठी लावली, तारीख घातली, पेन थोडं थांबलं आणि तिने शेरा लिहिला: 'उन्हात पाहिला.'