ताईकडे जायची तारीख

पियानो सुरात लावून देणाऱ्या काकांना डायलिसिस सुरू होऊन सहा वर्षं झाली होती, आणि तितकीच वर्षं त्यांनी ताईला पाहिलं नव्हतं. थोरली बहीण, ऐंशीच्या पुढची, बसने अकरा तासांवर डोंगरात एकटी राहायची. तिचे गुडघे गेलेले, यांची मूत्रपिंडं. दिवसाआड मशीनला बांधलेला माणूस जाणार तरी कुठे?

त्यात डॉक्टरीणबाईंनी नवीनच सांगितलं. इतक्या वर्षांत चढवलेलं रक्त आणि टोचलेली लोहाची इंजेक्शनं, त्यातलं लोह अंगात साठलं होतं. यकृत भरलं होतं, आता हृदयावर भार येत होता.

"म्हणजे भंगारवाला मला उभ्या उभ्या उचलेल," काका म्हणाले.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "आठवड्यातून एकदा, डायलिसिसच्या शेवटच्या तासात सलाईनमधून औषध देऊ. ते लोह पकडतं, आणि पुढच्या खेपेला मशीन ते बाहेर काढतं. पण कधीकधी ते कानांवर, डोळ्यांवर जातं. जरा वेगळं वाटलं की लगेच सांगायचं."

"आणि प्रवास?"

"हृदय सुधारलं तर वाटेतल्या शहरात एका डायलिसिसची सोय करून देईन. चार दिवस जाऊन या."

चार दिवस! काका त्या शब्दांवरच जगू लागले. ताईच्या ओट्यावर बसायचं, तिची बडबड ऐकायची, बस्स. चौथ्या महिन्यात रिपोर्टातला लोहाचा आकडा उतरला, तशी त्यांनी बॅग झटकून उन्हात ठेवली.

त्याच आठवड्यात संगीतशाळेतला पियानो लावताना उजवीकडच्या शेवटच्या पट्ट्यांमधून नुसती लाकडाची टकटक आली. तारा तुटल्या असतील म्हणून त्यांनी झाकण उघडलं. तारा जागच्या जागी होत्या.

"छान वाजतंय की," शेजारी उभ्या असलेल्या गाण्याच्या बाई म्हणाल्या.

काकांनी झाकण हळूच लावून टाकलं. सांगावं तर औषध बंद, औषध बंद तर प्रवास बंद. पुढच्या डायलिसिसला सिस्टरने विचारलं, "कान ठीक ना, काका?"

"एकदम ठणठणीत."

दोन आठवडे असेच गेले. मग रविवारी ताईचा फोन आला.

"काय रे धाकट्या, तीनदा विचारलं! ऐकतोयस ना?"

ऐकत होते, पण तिच्या बोलण्यातले स आणि श गळून पडत होते. इतक्या लांब जाऊन समोर बसायचं आणि तिचं बोलणं अर्धंमुर्धंच पोचायचं, हे कसलं भेटणं? दुसऱ्या दिवशी त्यांनी सिस्टरला सगळं सांगून टाकलं.

"दोन आठवडे मूग गिळून बसलात?" ती कडाडली आणि हात धरून त्यांना कान तपासायला घेऊन गेली.

औषध दोन महिने थांबलं, मग निम्म्यावर सुरू झालं. कान बरेचसे परतले; वरचे तीन सूर मात्र गेले ते गेलेच. लोह आता मुंगीच्या पावलांनी उतरणार होतं.

"ताई, यंदा काही जमत नाही," त्यांनी फोनवर सांगितलं.

ती म्हणाली, "ये तेव्हा ये. पण एक तारीख सांगून ठेव. खोटी असली तरी चालेल."

काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. ते डिसेंबरला संपत होतं.

"वीस मार्च," ते म्हणाले.

"थांब, लिहून घेते," ताई म्हणाली.