एका हाताने उघडणारा चाकू

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्यात सगळे तिला वहिनी म्हणत. खरं तर ती एकाच माणसाची वहिनी होती, नवऱ्याच्या धाकट्या बहिणीची, धाकटीची. पण नोकरीला लागल्या दिवसापासून धाकटीने हॉलभर "वहिनी, वहिनी" असा जप लावला, तो मुकादमापासून पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसला. धाकटीला जाऊन दीड वर्ष झालं, वहिनी हॉल सोडून सकाळच्या पाळीला कचेरीत हजेरी लिहू लागली, तरी ते नाव सुटलं नाही.

धाकटीला तिथे चिकटवलं वहिनीनेच. "घरी बसून माझं डोकं खाण्यापेक्षा चार पैसे मिळव," असं म्हणून हाताला धरून घेऊन गेली होती. नणंद-भावजयींचं असं सख्य की बघणाऱ्याला बहिणी वाटाव्यात. भांडायच्याही तशाच.

ते थंडीचे दिवस होते. धाकटीला खोकला झाला होता आणि गळ्याला लोकरीचा मफलर होता. सैल कपडे घालून यंत्राजवळ जाऊ नये, अशी पाटी भिंतीवर होती. पण हॉलमध्ये बोटं आखडतील असा गारठा, आणि पाटी वाचून कुणाला ऊब येत नाही. चौथ्या यंत्रात खोकं अडकलं. ते सोडवायला धाकटी वाकली आणि मफलरचं टोक यंत्राच्या फिरत्या पट्ट्याखालच्या रुळात गेलं. यंत्र बंद करायचं बटण हॉलच्या दुसऱ्या टोकाला. कुणीतरी तिकडे पळालं. वहिनी धाकटीकडे धावली. धाकटीने तिचं डावं मनगट धरलं, बुडणारा माणूस धरतो तसं. उरला उजवा हात. त्याने लोकर तुटेना. वहिनीने नखं लावली, दात लावले. यंत्र थांबलं तेव्हा फार उशीर झाला होता, पण मनगटावरची पकड तशीच होती. लोकांनी एकेक बोट उलगडून ती सोडवली.

सोडवली, असं लोक म्हणतात. वहिनीला तसं वाटत नाही.

ती पकड दिवसाढवळ्या यायची. बसच्या दारात कुणाच्या स्कार्फचं टोक लोंबताना दिसलं की यायची. बटाटे सोलताना, जिना उतरताना, काही कारण नसतानाही यायची. आधी मनगट गार पडायचं, मग पाच बोटं एकेक करून बसायची, करंगळी सगळ्यात शेवटी. वहिनी हातातलं काम थांबवून उभी राहायची आणि पकड सैल होईपर्यंत श्वास मोजायची. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्याला तर नाहीच. त्याची सख्खी बहीण गेली होती. अपघातानंतर घरात धाकटीचं नाव निघालं नव्हतं. दोघंही त्या नावाला वळसा घालून बोलायची, जसं पाय घसरेल म्हणून ओल्या फरशीला घालतात.

बोलण्याऐवजी वहिनी वस्तू आणायला लागली. विजेरी आणली, शिट्टी आणली, मलमपट्टीचा डबा, दोर, पाण्याचे कॅन. "आपण घरात राहतो की मदतकेंद्रात?" नवरा एकदा म्हणाला, तेवढंच. मग चाकू यायला लागले.

चार चाकू झाले. नवरा कामावर असला की दुपारी ती पलंगाच्या पायाला जुना मफलर बांधायची, डावा हात पाठीमागे घ्यायची, घड्याळ समोर ठेवायची आणि उजव्या हाताने चाकू पर्समधून काढून, उघडून, मफलर कापायची. पहिल्याला एकोणीस सेकंद लागले, दुसऱ्याला सव्वीस. तिसरा उघडेचना, दातांनी उघडावा लागला. चौथा कापता कापता मिटला आणि तिच्याच बोटात रुतला. प्रत्येक वेळी घड्याळाकडे बघून ती खाली बसायची आणि त्या दिवशी तिला जरा बरी झोप लागायची.

बोटाला पट्टी बांधलेली असतानाच ती बाजारामागच्या गल्लीतल्या दुकानात गेली. तिथे नुसते चाकू, कात्र्या आणि धार लावायचं चाक. दुकानदार साठीचा, नाकावर चष्मा, समोर गार होत चाललेला चहा.

"रोज जवळ बाळगायला चाकू हवाय," ती म्हणाली.

"कशासाठी? दोऱ्या-खोकी कापायला की कुणाला भीती घालायला? भीती घालायला असेल तर मी देत नाही, ताई. तसला चाकू शेवटी आपल्याच अंगावर येतो."

"अडीअडचणीला."

"अडचण कुठली ते सांगा. दुखणं न सांगता औषध मागितलं तर वैद्य तरी काय देणार?"

वहिनीने पर्समधून चारही चाकू काढून काचेवर ठेवले. दुकानदाराने एकेक उचलून पाहिला. "हा शोभेचा. याला दोन्ही हात लागतात, आणि वर नखंही हवीत. हा मिटतो, याला खटका नाही. तुमच्या बोटाचा हाच ना? आणि हा भला मोठा, याचं टोक बघा. माणसाजवळ चालवलात तर वाचवायला जाल आणि भोसकून याल."

"गळ्याजवळचं कापायचं असेल तर?"

त्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "काय कापायचंय?"

"लोकर. ताणलेली. आणि एकाच हाताने. डावा हात मोकळा नसतो."

दुकानदाराने तिच्या डाव्या हाताकडे पाहिलं. हात धडधाकट होता, काचेवर नुसता पडलेला. मनगटाची कातडी मात्र पांढरी पडली होती, दाबून धरल्यावर पडते तशी. मागच्या खणातून त्याने तळहाताएवढी एक वस्तू काढली. एक वाकडा आकडा, बाहेरून बोथट, धार फक्त आतल्या बाजूला.

"याला उघडायचं नाही, मिटायचं नाही. टोकच नाही, त्यामुळे कातडीला लागत नाही. कापडाखाली सरकवायचा आणि आपल्याकडे ओढायचा. अपघातात गाडीतल्या सीटचे पट्टे कापायला लोक नेतात. कमरेला अडकवा. पर्सच्या तळाशी ठेवलेला चाकू हा घरी ठेवलेलाच चाकू."

"कापून बघू?"

त्याने खुंटीवरचा स्वतःचा मफलर काढला. "जुनाच आहे," म्हणत एक टोक खांबाला बांधलं आणि दुसरं दोन्ही हातांनी ताणून धरलं.

वहिनीने आकडा कमरेला अडकवला. बाहेर रस्त्यावर कुणाची तरी मोटार घरघरत होती. मनगट गार पडलं. बोटं बसायला लागली. तिने उजव्या हाताने आकडा ओढला, लोकरीखाली सरकवला आणि खेचला.

दुकानदार दोन पावलं मागे गेला. मफलरचे दोन तुकडे झाले होते.

"किती वेळ लागला?" तिने विचारलं.

"वेळ कसला? सेकंदही नसेल."

ती स्टुलावर बसली. खरं काय ते तिला तेव्हा कळलं. ती दीड वर्ष चाकू शोधत नव्हतीच. एकोणीस सेकंद, सव्वीस सेकंद. ती आकडे गोळा करत होती. कशानेही जमलं नसतं, एवढंच तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. आणि इथे गार चहासमोर बसलेल्या एका माणसाने सेकंदही नाही म्हणून सांगितलं होतं.

"कोण होतं?" दुकानदाराने हळूच विचारलं.

"नणंद."

त्याने चहाचा कप तिच्याकडे सरकवला. गारढोण चहा तिने पिऊन टाकला.

घरी आली तेव्हा नवरा लवकर आलेला होता, मोजे काढत होता. वहिनीने चप्पलही न काढता आकडा त्याच्यापुढे धरला आणि सांगितलं, "मफलर एका सेकंदात कापला जातो. माझ्याकडे हे असतं तर धाकटी असती."

ते नाव घरात फार दिवसांनी उच्चारलं गेलं. नवऱ्याच्या हातात एक मोजा तसाच राहिला.

"मफलर मी गुंडाळला होता," तो म्हणाला. "त्या सकाळी. ती नको म्हणत होती, कामात अडकतो म्हणाली. मी दोन वेढे दिले, वर गाठ मारली. तू आत डबे भरत होतीस."

वहिनी त्याच्या शेजारी बसली. तुझी चूक नाही, असं दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही. ते म्हणणं सोपं होतं आणि खोटं वाटलं असतं. मग तो धाकटीच्या खोकल्याबद्दल बोलला, ती औषध खिडकीतून ओतून द्यायची त्याबद्दल. वहिनीला ते ठाऊकच नव्हतं. खालच्या कुंडीतलं रोप का वाळलं याचा तिने किती शोध घेतला होता. तिला हसू आलं आणि मग रडू आलं. मधेच तिने डावं मनगट त्याच्यापुढे धरलं. "बघ, आहे का काही?"

त्याने हात लावला आणि पटकन मागे घेतला. "बर्फासारखं आहे."

"पाच बोटं आहेत."

मग त्याने आपला हात त्या मनगटावर ठेवला, जपून, जणू आधीपासून तिथे असलेल्या हाताला लागू नये.

पुढच्या आठवड्यात वहिनी व्यवस्थापकांकडे गेली. बोलताना तिचा आवाज चढला नाही. प्रत्येक यंत्राजवळ बंद करायचं बटण हवं आणि प्रत्येक खांबावर एक आकडा हवा, एवढंच तिने सांगितलं, आणि टेबलावर लोकरीचा तुकडा कापून दाखवला. आकडे लगेच आले. बटणांना दोन महिने लागले, आणि बटणं बसेपर्यंत वहिनी रोज जाऊन विचारत राहिली.

आकडे लावायला ती स्वतः हॉलमध्ये गेली, दीड वर्षांनी पहिल्यांदा. चौथ्या यंत्रापाशी हात इतका जखडला की खिळा ठोकायला एकाच हाताने बराच वेळ गेला. तिथे नव्याने लागलेली एक बाई उभी राहून बघत होती.

"वहिनी, हे काय?"

वहिनीने तिला आकडा धरायला शिकवला. कापडाखाली सरकवायचा, आपल्याकडे ओढायचा. बाईने दोनदा चिंधी कापून पाहिली आणि म्हणाली, "सोपं आहे की. तुम्ही कधी वापरलाय?"

"नाही," वहिनी म्हणाली. "तू अजून एकदा कर. डावा हात मागे घेऊन."