उतरवलेल्या तारा

"बघ, पुन्हा गेली," म्हणत धाकट्यानं गिटार माझ्या टेबलावर ठेवली. चौथी तार तुटून खुंटीला लोंबत होती. मी वाद्यदुरुस्तीच्या दुकानात काम करते. दिवसभर परक्यांच्या तारा बदलते, पण सख्ख्या भावाची बदलताना माझं डोकं फिरतं.

"एवढी ओढतोस कशाला?"

"मग काय करू? आपल्या गाण्याला वरचा सूर लागतो. रविवारी स्टेजवर मी एकटाच आहे, मागे बँडही नाही. तार तुटली तर नाक कापलं जाईल माझं."

"कॅपो कुठंय?"

कॅपो म्हणजे गिटारच्या मानेवर बसणारा चिमटा. तो सगळ्या तारा एकदम दाबून धरतो आणि सूर वर नेतो.

"तो शिकाऊ लोकांना लागतो, ताई. कॅमेऱ्यात बरा दिसत नाही. मी ताराच चढवतो. आवाज तोच येतो ना?"

आवाज तोच येतो, हे खरं. फक्त तारेचा जीव जातो.

'आपलं गाणं' म्हणत होता! चाल माझी होती. घरात एक जुनी गिटार होती, मान वाकलेली, ताण सोसायची नाही. म्हणून मी चार तारा सैल करून खालच्या सुरावर उतरवल्या, दोन तशाच ठेवल्या, आणि मोकळ्या तारांवर नुसता हात फिरवला तरी गोड वाजायला लागलं. त्यातून ही चाल निघाली. धाकट्याचा गळा उंच, म्हणून त्याच्यासाठी मानेवरच्या दुसऱ्या पट्टीवर कॅपो लावला. बोटं कुठं ठेवायची तेही मीच शिकवलं. गिटार लावायचं काम मात्र कायम माझ्याकडे. साहेबांनी कधी खुंटीला हात लावला नाही. आता लावतो, तर सूर दाखवणाऱ्या यंत्राचा काटा बघून.

गाणं गाजलं आणि हा रेडिओवर म्हणाला, "सहज तारा पिळत बसलो होतो, आणि चाल सुचली." आई रेडिओला कान लावून बसली होती. मी शेजारी भाजी चिरत होते.

"ऐकलंस का, काय सांगतोय ते?" मी म्हणाले.

"जाऊ दे गं," आई म्हणाली. "घरातल्या घरातच आहे ना? लहान आहे तो."

लहान! डोक्यावरचे केस विरळ झालेत त्याचे.

तरी मी त्याला एक संधी दिली. नवी तार ओवता ओवता म्हणाले, "रविवारी स्टेजवर एवढंच सांग, की चाल माझ्या ताईची आहे. तार तुटणार नाही, जबाबदारी माझी."

तो हसला. "अगं, आता कसं सांगू? लोक वेड्यात काढतील मला. आणि तुला कशाला हवंय नाव? तुला कोण ओळखतंय?"

मी तार बसवली. त्यानं तिथंच ती चढवून पाहिली, टिकली. "वा!" म्हणाला आणि गेला. खोटं मी एक अक्षर बोलले नाही. नवी तार दोन-चार दिवस तो ताण सोसते आणि जोरात वाजवायला लागलं की मान टाकते, हे सांगायचं फक्त राहून गेलं. मुद्दाम राहून गेलं.

रविवारी आई आणि मी पहिल्या रांगेत बसलो. "तारा घेतल्यास ना पर्समध्ये?" आईनं तीनदा विचारलं. हॉल खच्चून भरला होता. दुसऱ्या कडव्याला धाकटा रंगात आला, हात जोरात पडायला लागला आणि फाडकन आवाज झाला. आईनं माझा दंड धरला.

धाकटा क्षणभर भांबावला, मग माईकवर गोड हसला. "माझी ताई समोरच आहे. गिटार दुरुस्त करते ती. ताई, ये ना!"

लोकांनी दुरुस्तीवालीसाठी टाळ्या वाजवल्या. मी वर गेले, खुर्चीवर बसले, तार बदलली आणि गिटार लावली. अगदी चोख लावली. फक्त माझ्या पद्धतीनं नाही, सगळं जग लावतं तशी, पहिल्या धड्यातली. आणि दिली त्याच्या हातात.

त्यानं एकदा हात फिरवला आणि त्याचा चेहरा पडला. माईकवर पंजा ठेवून पुटपुटला, "ताई, हे काय? आपलं ते लावून दे ना."

"आपलं कुठलं? तुझं तू लाव," म्हणाले आणि खाली येऊन बसले.

खुंटी कुठली, किती फिरवायची, काही सुचेना त्याला. एवढ्या लोकांसमोर यंत्र काढायची लाज. शेवटी तसंच वाजवायला लागला. बोटं माझ्या जागांवर, तारा भलत्याच. पत्र्याचं डबडं वाजवावं तसं वाजलं. मागून कुणीतरी हसलं. मला इतका आनंद झाला की मी ओठ चावून बसले. त्यानं पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. मग "माफ करा" म्हणाला, गिटार खुर्चीला टेकवली आणि आत गेला.

"तुला येत होतं ना लावायला?" आईनं विचारलं.

"हो."

आई उठली आणि त्याच्यामागे आत गेली. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

लोक दाराकडे निघाले. मी स्टेजवर गेले, त्या खुर्चीत बसले आणि चार तारा उतरवल्या. चाल पहिल्यापासून वाजवली, न चुकता. स्टेजवर माईकवाला वायर गोळा करत होता, बाकी कुणी नव्हतं. तो जवळ येईपर्यंत मी वाजवत राहिले.

"ही चाल माझी आहे," मी त्याला म्हणाले.

"असेल की, ताई," तो वाकून म्हणाला. "जरा पाय उचलता का? वायर अडकलीय."

मी पाय उचलला.