भोपळ्याला पहिला घाव

एकविसाव्या दिवशी चंदूचा ताप उतरला आणि बाविसाव्या दिवसापासून त्याने तोंड मिटून घेतलं. बोलायचं नव्हे, खायचं. पेजेची वाटी समोर आली की ओठ घट्ट. मुगाचं कढण आलं की मान भिंतीकडे. सात वर्षांचं पोर, मुदतीच्या तापाने हाडांवर नुसती कातडी राहिलेली, पण हट्ट मात्र तिळभर उतरला नव्हता.

चंद्रभागेने सगळं करून पाहिलं. गोष्टी सांगितल्या, लाडीगोडी लावली, डोळे वटारले, शेवटी त्याच्यासमोर बसून रडलीसुद्धा. चंदूने आपल्या काडीसारख्या हाताने तिचे डोळे पुसले आणि पुन्हा तोंड मिटलं. आता असल्या पोरावर रागवायचं तरी कसं?

तिसऱ्या दिवशी वैद्यबुवा आले. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोट चाचपलं आणि म्हणाले, "ताप गेला, वहिनी. आता याला औषधाने नाही, अन्नाने उठवायचंय. पोटात काही गेलं नाही तर माझ्या मात्रा एकट्या काय करणार?" मग चंदूकडे वळून म्हणाले, "काय रे, पेज नको, कढण नको. मग हवंय तरी काय तुला?"

"धोंडस," चंदू म्हणाला.

"काकडीचं?"

"नाही. आमच्या भोपळ्याचं. आणि मला खालची खरपूस बाजू."

वैद्यबुवा हसले. तीन आठवड्यांत त्या घरात पहिल्यांदा कुणी हसलं असेल. "करा हो, वहिनी. भोपळा हलका असतो. तूप बेताचं घाला, गूळ थोडा हात राखून, सुंठ आणि जायफळ मात्र सढळ हाताने. तळण नको, निखाऱ्यावर भाजलेलं चालेल. दोन घास उतरले तरी पोर उठून बसेल." एवढं सांगून ते गेले.

धोंडस करण्यात चंद्रभागेचा हातखंडा होता. तांदळाचा रवा तुपावर भाजायचा, भोपळ्याचा कीस आणि गूळ त्यात शिजवायचा, वर मसाला, मग केळीचं पान लावलेल्या पितळेच्या टोपात सगळं ओतून झाकण घालायचं. खाली निखारे, झाकणावर निखारे. दोन तासांनी टोप उघडला की सगळ्या आळीला कळायचं. रवा घरात होता, गूळ होता. आणि परसातल्या गोठ्याच्या छपरावर चढलेल्या वेलाचा भोपळा माजघराच्या कोपऱ्यात सुंभाच्या चुंबळीवर बसलेला होता. अख्खा.

परक्या मुलखातल्या माणसाला वाटेल, भोपळा आहे, विळी आहे, बाई आहे, मग घोडं अडलं कुठे? घोडं असं अडलं, की अख्खा भोपळा बाईने फोडायचा नसतो. भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा. पहिला घाव पुरुषाने घालायचा. मग बाईने त्याची भाजी करावी, घारगे करावेत, काय हवं ते करावं. हे चंद्रभागेला कुणी समोर बसवून शिकवलं नव्हतं. आपल्या आईला भोपळा आणि कोयता घेऊन ओसरीवर वडिलांची वाट पाहत बसलेलं तिने लहानपणापासून पाहिलं होतं, तेवढं पुरेसं होतं. आणि तिला थोरला म्हणा, धाकटा म्हणा, चंदू एकटाच होता.

तिचा नवरा त्र्यंबकराव ठाण्याच्या कचेरीत कारकून. साहेबाच्या मुक्कामाबरोबर तो कल्याणच्या पलीकडे फिरतीवर गेला होता. निघाला तेव्हा चंदूचा ताप उतरत आलेला, भोपळ्याची आठवण कुणाला व्हावी? झाली असती तर त्याने हसत हसत घाव घातला असता. इंग्रजी शाळेत शिकलेला माणूस. अमावास्येला खुशाल प्रवासाला निघायचा, मांजर आडवं गेलं तर त्याला जाऊ देऊन पुढे चालू लागायचा. बायकोच्या या असल्या चालीरीतींची तो थट्टा करी, पण घाव घालून देई. आता तो यायला आणखी दोन दिवस होते.

चंद्रभागा शेजारी मालनकडे गेली. टेंभी नाक्याजवळच्या त्या आळीत एरवी ओसरीओसरीला पुरुष दिसायचे, पण त्या दिवशी सगळी आळी कल्याणला लग्नाला गेलेली. मालन बाळंतीण, म्हणून ती आणि तिची आई तेवढ्या मागे राहिलेल्या.

"हे उद्या रात्री येतील गं," मालन म्हणाली. "आले की लगेच पाठवते."

"उद्या रात्री?" चंद्रभागा म्हणाली. "मालन, तीन दिवस झाले, त्याच्या पोटात पाण्याशिवाय काही नाही."

मालनने मांडीवरचा मुलगा छातीशी घेतला.

दुपारी चेंदणी कोळीवाड्यातली दगडाबाई मासळीची पाटी घेऊन दाराशी आली. आज मासळी नको म्हणताना चंद्रभागेने तिलाही विचारलं. दगडाबाईने आत डोकावून भोपळा पाहिला आणि दोन पावलं मागे सरकली.

"मी नाय गो बाय हात लावनार. माजं बी थोरलं पोर हाय," ती म्हणाली. "माजा नवरा खाडीन गेलाय. सांजच्याला भरती आली का होडी येल, मंग त्याला तुज्याकडं धारते. तवर दम धर."

दम धरायचा. चंद्रभागा आत आली. चंदू डोळे मिटून पडला होता. तिने हाक मारली. त्याने डोळे उघडले, पण उघडायला फार वेळ लावला. संध्याकाळ फार लांब होती.

आणि मग तिला ते सुचलं. सुचल्याबरोबर ती स्वतःवर इतकी खूश झाली, की एवढा वेळ आपल्याला हे का कळलं नाही म्हणून तिने कपाळावर हात मारून घेतला. पुरुष कशाला शोधत फिरायचा? घरात पुरुष होताच की! लहान असला म्हणून काय झालं. मालनकडे गेल्या वर्षी तिच्या पाच वर्षांच्या भाच्याने भोपळ्यावर धरलेल्या कोयत्याला नुसता हात लावला होता, आणि ते सगळ्यांना चाललं होतं.

तिने चंदूला उचलून माजघरात आणलं. तो अंथरुणापेक्षाही हलका लागला. त्याला मांडीवर घेऊन ती भोपळ्यासमोर बसली आणि कोयत्याची मूठ त्याच्या हातात दिली.

"तू घरातला पुरुष ना? मग घाल घाव. मग मी तुला धोंडस करते."

चंदूच्या डोळ्यांत किती दिवसांनी चमक आली. त्याने दोन्ही हातांनी कोयता धरला. तो उचलेना. पुन्हा प्रयत्न केला, हात थरथरायला लागले. "आई, जड आहे," तो म्हणाला.

"मी धरते हं," असं म्हणून तिने आपली बोटं त्याच्या बोटांवर मिटली आणि कोयता खाली आणला. भोपळ्याची साल कडक होती. कोयता थोडा रुतला आणि अडकला. मग तिने जोर लावला. भोपळा कर्रकन उलला, आतलं केशरी दिसलं.

"मी चिरला!" चंदू ओरडला. आवाज कसला, नुसता श्वास. "आई, मी चिरला!"

"तूच चिरलास, राजा," ती म्हणाली.

मग तिला दम कुठला! अर्धा भोपळा किसला, रवा भाजला, गूळ विरघळवला, सुंठ कुटली, जायफळ उगाळलं. चंदूला चुलीपासून थोड्या अंतरावर घोंगडीत गुंडाळून बसवलं होतं. तो तिथून हुकूम सोडत होता. निखारे कमी झाले की त्याला आधी दिसायचं. दोन तासांनी झाकण काढलं तेव्हा सुंठीच्या आणि भाजल्या गुळाच्या वासाने घर भरून गेलं, आणि त्या वासात चंद्रभागा एकवीस दिवसांचं जागरण विसरली. चंदूने खालच्या खरपूस बाजूचे दोन तुकडे खाल्ले. तिसऱ्यातला निम्मा खाल्ला आणि हातात घास असतानाच त्याला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी त्याने पेजही घेतली. तिसऱ्या दिवशी भिंतीला टेकून बसला. त्या संध्याकाळी त्र्यंबकराव आला तो दारातच थबकला, कारण पोरगा त्याच्याकडे बघून हसत होता.

"बाबा, मी भोपळा चिरला! कोयत्याने!"

त्र्यंबकराव पाय धुवायला वळला होता. तो वळलेलाच राहिला. मग म्हणाला, "शाब्बास." चंद्रभागेने धोंडसाचा तुकडा बशीत घालून पुढे केला, तेव्हा त्याने तो घेतला नाही. पोट ठीक नाही म्हणाला.

"तू कोयता त्याच्या हातात दिलास?" त्याने हळूच विचारलं.

"वरून माझा हात होता हो. लागू कसं दिलं असतं मी त्याला?"

त्याने चंदूची बोटं एकेक करून उलटून पाहिली. त्याला कोयत्याच्या धारेची काळजी वाटली असेल असं चंद्रभागेला वाटलं.

पाचव्या दिवशी पहाटे चंदूचं अंग पुन्हा तापलं. उलटलेला ताप, वैद्यबुवा म्हणाले; या दुखण्यात होतं कधी कधी असं. चंद्रभागेने विचारलं, धोंडसामुळे का? ते चिडून म्हणाले, "छे हो! त्याच्या जोरावर तर हे चार दिवस मिळाले." मात्रा बदलल्या, लेप लावले. सहा दिवस पोर भाजत राहिलं आणि सातव्या दिवशी सकाळी थंड झालं. तेव्हा आळी लग्नाहून केव्हाच परतली होती. ओसरीवर पुरुष मावत नव्हते.

त्यानंतरचे दिवस चंद्रभागेने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. ती रडत नव्हती. ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मनात तपासून पाहत होती. कोयत्याची मूठ त्याच्या हातात होती. मग घाव त्याचा. पण त्याच्याने तो उचललाही गेला नव्हता. जोर तिचा होता. मग घाव तिचा. आणि घाव त्याचाच धरला तर? थोरल्या मुलाने थोरल्या मुलावर घातलेला? तोही तिनेच घालायला लावलेला. कुठूनही सुरुवात केली तरी ती हिंडून फिरून स्वतःपाशीच येत होती.

कल्याणहून त्र्यंबकरावाची आत्या सखुबाई आली. विधवा बाई, मायेची, पण डोळा असा की चुलीतल्या राखेत पडलेली सुई दिसावी. मालन आणि आणखी दोघीजणी माजघरात बसल्या होत्या. सखुबाई चंद्रभागेच्या पाठीवरून हात फिरवत होती, तो हात मधेच थांबला. कोपऱ्यात अर्धा भोपळा तसाच पडला होता. कडेला बुरशी धरलेली. इतक्या दिवसांत तो उचलायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

"सूनबाई," सखुबाई म्हणाली, "त्र्यंबक तर फिरतीवर होता ना? मग भोपळा कुणी चिरला?"

मालनने मान खाली घातली. त्र्यंबकराव गेल्यावरही भोपळा अख्खाच होता, हे तिला ठाऊक होतं. चंद्रभागेने तोंड उघडलं. सांगून टाकायचं. एकदाचं कुणीतरी तोंडावर म्हणेल तरी, की बाई, तूच. तेसुद्धा तिला सुटका झाल्यासारखं वाटलं असतं.

"मी चिरला," ओसरीवरून त्र्यंबकरावाचा आवाज आला. तो उंबऱ्यात येऊन उभा राहिला. "निघायच्या आदल्या दिवशी मीच घाव घालून ठेवला होता, आत्या."

"मग बरं," सखुबाई म्हणाली आणि तिचा हात पुन्हा चंद्रभागेच्या पाठीवरून फिरू लागला. बायकांनी श्वास सोडला. मालन तेवढी वर बघेना.

चंद्रभागेचा ऊर भरून आला. हा माणूस दहा वर्षांत तिच्याशी, कचेरीशी, कुणाशीही खोटं बोललेला तिने ऐकला नव्हता. साहेबासमोरसुद्धा खरं तेच बोलायचं म्हणून त्याची बढती अडून राहिली होती. त्याने तिच्यासाठी आत्याच्या तोंडावर धडधडीत खोटं सांगितलं. तिथल्या तिथे उठून त्याच्या पायांवर डोकं ठेवावं असं तिला वाटलं. मुलगा गेल्यानंतर पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि बायका म्हणाल्या, रडू दे, बरंच आहे.

बायका उठून गेल्या, सखुबाई देवळाकडे गेली. चंद्रभागेने भोपळा सुपात घालून परसात नेऊन टाकला, ती जागा शेणाने सारवायला घेतली, आणि सारवता सारवता तिचा हात मंद होत गेला.

हा माणूस मांजराला भीत नाही. अमावास्येला भीत नाही. "हिने चिरला, आत्या, त्यात काय एवढं?" असं म्हणायला त्याला काय झालं होतं? आधी असता तर हसत म्हणाला असता. भोपळा तो भोपळा, असं त्याला खरोखर वाटत असतं तर लपवायला होतंच काय? माणूस झाकतो ते पाप. खोटं न बोलणाऱ्या माणसाने आज खोटं बोलून झाकलं, म्हणजे ते त्याच्या लेखी केवढं असेल! त्या संध्याकाळी बशी परत केली तेव्हापासून तोही रोज तिच्यासारखंच तपासून पाहत असेल. फक्त त्याच्या तपासात जोर कुणाचा हा प्रश्नच नसेल.

ती शेणाच्या हातानेच ओसरीच्या दाराशी आली. त्र्यंबकराव खांबाला टेकून बसला होता.

"तुम्ही खोटं का बोललात?" तिने विचारलं.

"लोक काय वाटेल ते बोलतात," तो म्हणाला. "उद्या सगळ्या आळीत झालं असतं."

"लोकांचं राहू द्या. तुम्हाला काय वाटतं?"

तो तिच्याकडे बघेना. समोरच्या रस्त्यावरून एक बैलगाडी गेली, ती नाक्यावरून वळून दिसेनाशी होईपर्यंत तो गाडीकडेच बघत राहिला. चंद्रभागा दाराची चौकट धरून उभी होती. नाही म्हणा, ती मनात म्हणत होती, एकदा नाही म्हणा, खोटं का होईना.

"दिवस मावळला," तो म्हणाला. "दिवा लाव."

तिने हात धुतले आणि दिवा लावला.