अटक तेवढी करा

“मनोरुग्णाची जागा कोठडीत नाही, दवाखान्यात आहे,” असं फौजदार मंजुषाबाईंनी जठारपेठेतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात उभं राहून जाहीर केलं. वाक्य असं होतं की त्यावर टाळ्याच पडाव्यात. पडले ते नत्थुजी, बाईंच्या पायाशी.

“मॅडम, असं नका करू. पोराले अटक करा!”

हवालदार देवमननं कानात बोट घालून हलवलं. “नत्थुजी, लोक पोराले सोडवाले येतेत. तुमी आत टाका म्हनून राह्यले?”

गुन्हा तसा किरकोळ. नत्थुजींच्या फुलांच्या दुकानासमोरचा चौकातला सरकारी कॅमेरा त्यांच्या पोरानं, विपुलनं खांबावर चढून उपटला, केळीच्या पानात गुंडाळला आणि नालीत सोडला. कॅमेरा आपल्या बहिणीकडं, आरतीकडं पाहून राहिला होता, एवढंच त्याचं म्हणणं. वर्षभर त्याला असंच काहीबाही दिसत होतं, ऐकू येत होतं. नत्थुजींनी ते ‘पोरगं जरा तापट हाय’ म्हणून झाकून ठेवलं. कारण आरतीचं लग्न परतवाड्याला जमलं होतं.

“चोरी म्हटलं तं सोयरे समजून घेतीन,” नत्थुजी म्हणाले. “नवरदेवाचा काकाच दारूच्या केसमधी दोनदा आत जाऊन आला. त्याले भाऊसाहेब म्हनतेत! पन डोक्याचा दवाखाना म्हटला का घरानंच नासकं ठरते. लगन मोडते, मॅडम.”

“आणि कोठडीत याला औषध कोण देणार?”

नत्थुजी गुडघे झटकत उठले. कोपऱ्यात झेंडूची देठं खुडत बसलेल्या विपुलनं मान वर केली.

“मले चोरच म्हना, बाबा. चालते मले.” मग तो देवमनकडं वळला. “तिथं कॅमेरे राह्यतेत काय?”

“चारी कोपऱ्याले.”

विपुलच्या हातातलं फूल गळालं. दाढी आलेलं ते पोरगं बापाच्या पाठीमागं लपलं. त्याची मूठ सदऱ्यात अशी रुतली की कापड टरकलं.

नत्थुजींनी हात मागं नेऊन ती मूठ आपल्या हातात घेतली. मग म्हणाले, “चाल बाप्पा, दवाखान्यात जाऊ.”

आरतीनं पिशवी आणून दिली. तिनं ती आधीच भरून ठेवली होती.

गल्लीतली सगळी दारं उघडी होती. नत्थुजींनी पोराला जीपमध्ये बसवलं, त्याच्या गळ्याचं बटन लावलं, शेजारी टेकले. मग पुढं वाकून हळूच म्हणाले, “मॅडम, गल्ली संपेपर्यंत सायरन वाजवता काय?”