मुकी गाडी

गल्लीत त्यांना सगळे कानाच्या बाई म्हणत. दवाखान्याच्या तळमजल्यावर जाड भिंतींची एक बिनखिडकीची खोली होती. तिथे माणसाला खुर्चीवर बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि काचेपलीकडून बारीक बारीक आवाज सोडायचे. ऐकू आला की समोरच्याने हात वर करायचा. अर्धं आयुष्य बाईंनी हेच काम केलं होतं. दिवसभर शांततेत बसायची इतकी सवय झाली होती, की बाहेर पडलं की सगळं जग अंगावर ओरडतंय असं त्यांना वाटायचं. त्यात नवरा शाळेत खेळ शिकवणारा. जेवताना मीठ मागायचं तरी मैदानाच्या पलीकडच्या टोकाला हाक मारावी तसं मागायचा.

म्हणून गाडी घ्यायची ठरली तेव्हा बाईंनी विक्रेत्याला ना रंगाचं विचारलं, ना वेगाचं. एवढंच विचारलं, "आवाज किती करते?"

"कोण? ही?" विक्रेता हसला. "सुरू आहे बघा ती आत्ता."

गाडी जपानहून वापरलेली आलेली होती. लांबलचक, गडद निळी, पेट्रोल आणि बॅटरी अशा दोन्हींवर चालणारी. आधीचा मालक कुणी बडा माणूस असावा. मागच्या सीटला पाय पसरायला वेगळी गादी होती, मागच्या काचेवर बटणाने वर येणारा पडदा होता, आणि सगळ्या सीटांना पांढरे जाळीदार अभ्रे होते. बटणांवरची अक्षरं जपानी. पहिल्याच दिवशी नवऱ्याने एसीचं समजून एक बटण दाबलं, तर सीटच त्याची पाठ रगडायला लागली. तो "अगं अगं" करत ताठ झाला आणि मग हळूच म्हणाला, "राहू दे, बंद नको करूस." गाडी सुरू केली की आतली एक बाई गोड आवाजात जपानीत काहीतरी सांगायची. काय, ते कुणालाच कळत नसे. नवरा मात्र न चुकता "बरं बाई" म्हणायचा.

हळू चालताना गाडी फक्त बॅटरीवर सरकायची. बाई पहिल्यांदा ती घेऊन कामावरून घरी आल्या, दारात थांबल्या आणि बराच वेळ तशाच गाडीत बसून राहिल्या. दिवसभराचा शीण आतल्या आत विरघळत होता.

तेवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण बाईंना शांततेची चटक लागली. पुढच्या चौकात गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा एक जण होता. पटकन तापायचा आणि पटकन विझायचा, म्हणून त्याला सगळे फ्यूज म्हणत. बाईंनी त्याच्याकडून दारांच्या पत्र्याआड रबरासारखे जाड थर चिकटवून घेतले. मग डिकीत. मग कमी आवाजाचे टायर बसवले. मग डॅशबोर्डच्या आत काहीतरी टिकटिकतंय म्हणून अख्खा डॅशबोर्ड उघडायला लावला.

"बाई, मला काही ऐकू येत नाहीये," फ्यूज म्हणाला.

"मला येतंय."

फ्यूज तापला, विझला, आणि एक सैल क्लिप सापडली. घरी नवरा म्हणाला, "त्यातला एक थर माझ्या तोंडावरही लावून घे, म्हणजे कायमची सुटलीस!"

शेवटी एकच आवाज उरला. पुढच्या बंपरमागून येणारी बारीक, शिट्टीसारखी गुणगुण. गाडी बॅटरीवर चालत असताना रस्त्यातल्या माणसाला चाहूल लागावी म्हणून बनवणाऱ्यांनी तिथे छोटासा स्पीकर बसवला होता.

"हा राहू द्या," फ्यूज म्हणाला. "हा मुद्दाम दिलेला आहे."

"मी काय आंधळी आहे का? समोर माणूस आला तर दिसेलच की मला."

त्याने खांदे उडवले आणि वायर काढून टाकली.

गल्लीच्या टोकाला शिंपीकाका राहायचे. गल्लीतल्या बहुतेकांच्या अंगावर कधी ना कधी त्यांनी शिवलेले कपडे चढले होते. पुढे काचबिंदूने डोळे गेले आणि दुकान मिटलं. त्याच जागेत आता त्यांची लेक केस कापायची. काका रोज सकाळी काठी घेऊन, भिंतीच्या कडेने, एकटे चौकापर्यंत जायचे, बाकावर बसायचे आणि परत यायचे. कुणी हात धरायला गेलं तर त्यांना राग यायचा. गाडी आली की कुठून येतेय ते त्यांना ऐकूनच कळायचं, आणि ते भिंतीला पाठ लावून उभे राहायचे.

त्या सकाळी बाई गाडी मागे घेत फाटकातून बाहेर काढत होत्या. नजर डॅशबोर्डवरच्या, मागच्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर होती. स्क्रीनवर मागचा रस्ता मोकळा दिसत होता. भिंतीच्या अगदी कडेचा माणूस मात्र त्यात येत नव्हता. काहीतरी मऊ लागलं, आणि काठी रस्त्यावर खडखडत गेली.

बाई धावत मागे आल्या. काका रस्त्यात बसले होते, एक हात छातीशी धरून.

"कुणाची गाडी?" ते विचारत होते. "कुठून आली? मला कळलंच नाही."

मनगट मोडलं होतं. बाईंनीच त्यांना दवाखान्यात नेलं. प्लास्टर घालून होईपर्यंत लेक धावत आली, एप्रनच्या खिशात कात्री तशीच. ती काही बोलायच्या आधीच काका म्हणाले, "बाईंना बोलू नकोस. चूक माझी. माझं लक्ष नव्हतं."

वायरचं आत्ताच सांगावं, असं बाईंच्या मनात आलं. तोंडही उघडलं. पण लेक म्हणाली, "ताई, तुम्ही होतात म्हणून लगेच आणलंत तरी," आणि बाईंची जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच.

प्लास्टर निघालं तरी काका गल्लीत दिसेनात. बाई रोज फाटकाशी गाडी थांबवून, उतरून, दोन्ही बाजूंना बघून मगच बाहेर काढायच्या. शेवटी एका दुपारी न राहवून त्या दुकानात गेल्या. लेक एका गिऱ्हाइकाचे केस कापत होती. काका कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते, हात मांडीवर ठेवून.

"फिरायला येत नाही तुम्ही हल्ली?" बाईंनी विचारलं.

"ही सोडत नाही. आणि खरं सांगू का, मलाही धीर होत नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "डोळे गेले तेव्हा म्हटलं, जाऊ दे, कान आहेत. आता कानही दगा द्यायला लागले. एवढी मोठी गाडी पाठीशी आली आणि मला पत्ता नाही! तू कानाची बाई आहेस. सांग मला, मी बहिरा होतोय ना?"

बाई शेजारच्या स्टुलावर बसल्या.

"नाही काका. तुमच्या कानांची चूक नाही. गाडीला आवाज होता. तो मी काढून टाकला."

कात्रीचा आवाज थांबला.

"काढून टाकला म्हणजे?" लेकीने विचारलं.

"बंपरमागे स्पीकर होता. माणसांना कळावं म्हणूनच बसवलेला. फ्यूज नको म्हणत होता, तरी मी त्याची वायर काढायला लावली."

"का?"

"मला आवाज नको होता."

गिऱ्हाईक अर्ध्या कापलेल्या केसांनिशी आरशातून या तिघांकडे बघत होतं. लेकीने कंगवा खाली ठेवला.

"बाबा मला रोज विचारतात, मी बहिरा होतोय का गं. रोज! आणि तुम्हाला माहीत होतं! दवाखान्यात माझ्यासमोर उभ्या होतात तुम्ही आणि मी तुमचेच आभार मानत होते."

"हो."

"जा तुम्ही इथून."

बाई उठल्या. दारापर्यंत पोचल्या तोच मागून काकांचा आवाज आला, "म्हणजे माझे कान ठीक आहेत?" त्या आवाजात इतकी आशा होती की बाईंना मागे वळून बघवलं नाही.

त्याच संध्याकाळी फ्यूजने वायर पुन्हा जोडली. बोलून दाखवायचं त्याच्या ओठांवर आलं होतं, पण बाईंचा चेहरा बघून त्याने ते गिळलं. काकांनी हट्ट धरला, की मला ऐकवा. लेक कपाळावर आठ्या घेऊनच त्यांना बाहेर घेऊन आली. बाईंनी गाडी त्यांच्या समोरून हळू नेली. गुणगुण येत होती. लेकीला ऐकू आली, फ्यूजला आली, लांब उभ्या असलेल्या नवऱ्यालाही आली.

"चालू करा ना," काका म्हणाले.

कुणीच काही बोललं नाही. काकांना त्या गप्पपणाचा अर्थ कळला. ते काठी चाचपत घराकडे वळले.

बाई त्यांच्या मागे गेल्या. "काका, उद्या माझ्या खोलीत या. एकदा नीट तपासू या."

त्या बिनखिडकीच्या खोलीत काका हेडफोन लावून बसले. लेक काचेपलीकडे बाईंच्या शेजारी उभी होती, हाताची घडी घालून. बाईंनी जाड, खालच्या पट्टीतले आवाज सोडले. काकांचा हात लगेच वर. अगदी पुसटसा सोडला, तरी वर. मग पट्टी चढत गेली तसा हात रेंगाळायला लागला, आणि शिट्टीसारख्या बारीक आवाजांना उठेनासा झाला.

बाईंनी माइकचं बटण दाबलं. "काका, खालचे आवाज तुम्हाला माझ्याइतकेच ऐकू येतात. वरचे गेलेत. वय झालं की बहुतेकांचे आधी तेच जातात. तुम्ही बहिरे नाही. गाडीचा आवाज तुमच्या कानाच्या मापाचा नाही, एवढंच."

काकांनी हेडफोन काढले. "मापाचा नाही ना? मग उसवा आणि पुन्हा शिवा!"

लेकीच्या ओठांचा कोपरा किंचित हलला.

त्यानंतर बाई फ्यूजकडे ठाण मांडून बसल्या. जाड आवाज काढायचा तर मोठा स्पीकर लागणार होता. एक पुढे आणि एक मागेही, कारण काकांना धक्का लागला होता तो गाडीच्या मागच्या बाजूचा. आवाज कोणता, यावर गल्लीतल्या प्रत्येकाला मत होतं. फ्यूजने जुन्या ट्रकचं इंजिन लावून पाहिलं, तर शेजारचे लोक ट्रक हटवा म्हणून बाहेर आले. नवऱ्याने आपली मैदानावरची शिट्टी देऊ केली. मग त्याला आणखी एक कल्पना सुचली. "शिवणयंत्राचा आवाज! काकांना लगेच ओळखता येईल!"

"नको रे बाबा," काका म्हणाले. "गाडी आली की उठून कामाला लागावंसं वाटेल. जन्मभर तेच ऐकलंय."

शेवटी बाईंनी संगणकावर वेगवेगळ्या पट्ट्या एकत्र करून एक साधी, खरखरीत गुरगुर तयार केली. काका म्हणाले, कुणीतरी लांबवर जाडं कापड फाडतंय असं वाटतं. पण ऐकू येतं. लांबूनही येतं.

लेकीचं एवढ्यावर समाधान झालं नाही. तिने बापाला भिंतीशी, रस्त्याकडे पाठ करून उभं केलं. बाईंनी गाडी मागून आणली. काका बाजूला सरले. "अजून एकदा," लेक म्हणाली. बाईंनी पुन्हा आणली, यावेळी मागे घेत. काका सरले. "अजून एकदा." मग ती स्वतः बापाच्या शेजारी जाऊन उभी राहिली, त्यांचा हात धरला आणि डोळे घट्ट मिटले. गाडी पुन्हा आली. काकांनी तिला भिंतीकडे ओढलं. तिने डोळे उघडले तेव्हा ते भरून आले होते.

"ठीक आहे, ताई," ती म्हणाली. "उद्यापासून जाऊ देते त्यांना."

बाईंचा जीव भांड्यात पडला. गुरगुर आता गाडीच्या आतही थोडी यायची. फ्यूजने मधे आणखी एक थर टाकायची तयारी दाखवली, पण बाई नको म्हणाल्या. आवडायला लागली होती असं नाही. कधी कधी कटकट व्हायचीच. पण फाटकातून बाहेर पडताना ती कानावर आली की हात स्टिअरिंगवर सैल व्हायचे.

काका पुन्हा चौकापर्यंत जायला लागले. एकदा बाकावरून त्यांनी बाईंना हात दाखवून थांबवलं. "एवढं सगळं हिच्यापायी झालं. मला एकदा बसवून तरी बघ."

बाईंनी त्यांना मागे बसवलं, पायांखाली गादी सरकवली. त्यांनी आधी अभ्रा बोटांनी चाचपला. "शिलाई बघ, केवढी बारीक." जपानी बाई बोलली. काकांनी मान डोलावली. गाडी मोठ्या रस्त्याला लागली. बाई आरशातून त्यांच्याकडे बघत होत्या. आता म्हणतील, वा, काय शांतता आहे.

काकांनी दारावरचं हँडल धरलं होतं. चेहरा आक्रसला होता.

"काय झालं?"

"अगं, इथे मला काहीच दिसत नाही."

बाईंना कळायला क्षणभर लागला. मग त्यांनी चारही काचा खाली केल्या. हॉर्न, फेरीवाल्याची आरोळी, कुठेतरी पत्रा ठोकल्याचा घणघणाट, सगळं एकदम आत घुसलं. बाईंनी सवयीने मान आत ओढली. काकांनी हँडल सोडलं आणि मागे टेकले.

"हं. हा सुतार. याची करवत बोथट झालीय." थोडं पुढे गेल्यावर, "शाळा सुटली वाटतं." मग जरा वेळाने, "इथे आधी मोठं झाड होतं ना? पानांचा आवाज येत नाही."

बाईंनी डावीकडे पाहिलं. तिथे नवी इमारत उभी होती. त्या या रस्त्याने रोज जात, पण झाड कधी गेलं ते त्यांना सांगता आलं नाही.

"होतं बहुतेक," त्या म्हणाल्या. "पुढे काय येतंय?"

"आधी पुढच्या कोपऱ्यावर वळ तर. मग सांगतो."