राजाच्या कानाखालचा घाव

निवृत्त नर्सबाईंनी पिशवीतून निळी मखमली पेटी काढून टेबलावर ठेवली तेव्हा धाकटी चहा पीत होती. धाकटी हे तिचं घरातलं नाव. बाजारात तिला सगळे पारखीबाई म्हणत. दुकानांच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर तिची एक खोली होती. खिडकीला लावून टेबल, त्यावर दिवा, भिंग आणि छोटा वजनकाटा. लोक जुनी नाणी घेऊन येत. ती खरी की खोटी, विकली तर काय येईल, ते ती सांगे. गोड करून सांगणं तिला कधी जमलं नाही.

"खरी आहेत हे मला माहीतच आहे," नर्सबाई म्हणाल्या. "तुम्हीच लिहून दिलंय. नातीच्या कॉलेजसाठी विकायची आहेत, तेवढा भाव सांगा."

"मी लिहून दिलंय?"

त्यांनी झाकणाच्या आत चिकटवलेला छापील कागद दाखवला. 'सातही नाणी अस्सल आहेत.' खाली धाकटीची सही. सही तिचीच होती.

तिने कप बाजूला सरकवला आणि पहिलं नाणं उचललं. काट्यावर ते हलकं भरलं. कडेवर सगळीकडून एक बारीक रेघ फिरली होती, कानशीने घासून लपवलेली; साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे अशी रेघ येते. अक्षरं चघळलेल्या गोळीसारखी गुळगुळीत. ठसा मारून पाडलेलं नाणं असं दिसत नाही. हे ओतलेलं होतं, आणि चांदी म्हणावी तर वरचा मुलामा तेवढाच.

मग तिने तिसरं नाणं भिंगाखाली धरलं. कुरळ्या केसांचा राजा, आणि त्याच्या कानाखाली एक तिरका घाव.

तो घाव ती ओळखत होती. शेकडो वर्षांपूर्वी कुण्या सराफाने आत चांदी आहे की तांबं हे बघायला छिन्नी मारली होती. तिचे वडील छापखान्यात खिळे जुळवणारे जुळारी होते, उभ्या आयुष्यात त्यांनी जमवलेली सात नाणी एका लाकडी डब्यात असत. सुट्टीच्या दिवशी ते दोन्ही मुलींना तो घाव बोटाने चाचपायला लावत. "राजाला लागलं म्हणून तो स्वस्तात आपल्या घरी आला," असं म्हणून स्वतःच हसत. ते गेल्यावर आई धाकटीकडे राहायला आली, पुस्तकं आणि भिंगंही; डबा ताईने मागून घेतला. गेल्या वर्षी भावोजी तोच डबा घेऊन आले होते. विम्यासाठी दोन ओळी लिहून हव्यात म्हणाले, आणि तिने लिहून दिल्या होत्या.

म्हणजे बाबांच्या नाण्यांवरून साचे काढले होते. राजाची जखमसुद्धा ओतून निघाली होती.

"ही खोटी आहेत," ती म्हणाली.

नर्सबाईंचा चेहरा उतरला आणि मग ताठ झाला. "मग तुम्ही सही कशी केलीत?"

"मी एका डब्याबद्दल लिहिलं होतं. ही पेटी मी आज पहिल्यांदा बघते आहे."

"मी आयुष्यभर रात्रपाळ्या केल्या, बाई. मला शब्दांचे खेळ नकोत."

 धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पेटी दोन दिवसांसाठी मागून घेऊन तिने खोलीला कुलूप लावलं आणि तडक ताईच्या घरी गेली.

ताई इस्त्री करत होती. पेटी बघून तिने इस्त्री उभी केली, पण बटण बंद केलं नाही.

"तुला माहीत होतं?"

"आवाज खाली कर. मुलं अभ्यास करतायत."

"ताई, तुला माहीत होतं?"

"डबा कपाटात नुसता पडून होता," ताई म्हणाली. "ह्यांचं दुकान बुडालं तेव्हा कुणी विचारायला आलं होतं का? शोभेच्या पेट्या आहेत त्या. लोकांना हौस असते."

"लोकांना शोभेच्या म्हणून विकतात का भावोजी?"

ताईने शर्टाची कॉलर पुन्हा पुन्हा सरळ केली. "तू तुझ्या नावाचं बघ आणि गप्प राहा. माझा संसार आहे हा."

"नावाचंच बघायला आले आहे. आपलंच नाणं खोटं निघालं तर बाजारात कुणाशी भांडू?"

"तुला कधी काही सोडून देता आलं नाही," ताई म्हणाली. "बाबांनीच डोक्यावर चढवून ठेवलं."

धाकटी पेटी उचलून जिना उतरली. नवऱ्याने फसवलं असतं तर ताई बिचारी, असं म्हणता आलं असतं. पण तिने सगळं डोळे उघडे ठेवून केलं होतं. भावोजींपेक्षा तिचाच राग जास्त आला.

त्या रविवारी एका हॉटेलच्या हॉलमध्ये भावोजींची या पेट्यांची विक्री होती. धाकटी नर्सबाईंना घेऊन गेली. खुर्च्यांवर बहुतेक निवृत्त माणसं, काहींनी आधी घेतलेल्या पेट्या मांडीवर धरलेल्या. भावोजी कोट घालून माइकवर बोलत होते. तिला बघून ते क्षणभर अडखळले, पण माणूस बेरकी.

"आणि ह्या बघा, आमच्या मेहुणीबाई. ज्यांनी तपासलं त्या स्वतःच आल्या."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती पुढे गेली. माइक तिने घेतला नाही.

"ज्यांच्याकडे पेटी आहे त्यांनी उघडा," ती म्हणाली. "तिसऱ्या नाण्यावर राजाच्या कानाखाली बोट लावा. खाच लागते का?"

पेट्या उघडल्या. "लागते," कुणीतरी म्हणालं.

"आता शेजाऱ्याच्या नाण्याला लावा."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. माणसं खुर्च्या वळवून एकमेकांच्या पेट्यांत वाकून बघू लागली. तोच कान, तीच खाच, तेवढीच तिरकी.

"हा छिन्नीचा घाव आहे. हाताने मारलेला. अगदी तसाच दुसऱ्या नाण्यावर बसत नाही. तो ज्या नाण्यावर बसला ते माझ्या वडिलांचं. तुमच्याकडे त्याच्या नकला आहेत, आणि माझी सही त्यांच्यासाठी नव्हती."

"घरगुती वाद आहे हो," भावोजी हसत म्हणाले. "वाटणीवरून रुसल्या आहेत."

ते काहींना पटलं असतं. पण नर्सबाई उठल्या, सरळ त्यांच्यासमोर गेल्या आणि टेबलावरच्या नव्या पेट्या एकेक उघडू लागल्या. कुणी अडवलं नाही. प्रत्येक पेटीतला राजा त्यांनी लोकांकडे वळवून ठेवला. मग आरडाओरडा झाला. एक म्हातारे गृहस्थ मात्र धाकटीवरच उखडले. "आम्ही सुखात होतो. तुम्हाला कुणी बोलावलं होतं?" असं म्हणून आपली पेटी छातीशी धरून ते निघून गेले. तिला त्यांचाही राग आला, आणि त्यांना थांबवता आलं नाही याचा स्वतःचा.

पोलिसांत तक्रार गेली. धाकटीने जबाब दिला. वकिलाने भावोजींना सांगितलं, लोकांचे पैसे परत करा, तर काही बोलता येईल.

पुढच्या आठवड्यात ताई खोलीवर आली. तिने लाकडी डबा टेबलावर ठेवला. "हा विकायचाय. काय येईल सांग."

धाकटीने झाकण उघडलं. नाणी आरशासारखी चकाकत होती. साचा नीट उठावा म्हणून त्यांना आम्लात बुडवून घासलं होतं. शतकांनी चढवलेली काळसर झाक गेली होती, राजाचे कुरळे केसही पुसट झाले होते.  तिने सातही नाणी तोलली, भिंगाखाली घातली, दोन्ही बाजूंनी पाहिली. परक्याची पाहिली असती तशीच.

"खरी आहेत," ती म्हणाली. "पण घासलेली. चांदीच्या भावापेक्षा थोडं जास्त येईल."

"तेवढंच? बाबा तर म्हणायचे..."

"बाबांनी ठेवली होती तशी असती तर."

"राग आहे म्हणून कमी सांगतेस."

"राग आहेच. अजून बराच आहे. पण भाव हाच आहे. खात्री नसेल तर समोरच्या जिन्यावर दुसरा पारखी बसतो, त्याला विचार. मी भाव सांगितलाय हे त्याला सांगू नकोस."

ताई डबा उचलून गेली. त्या पारख्याने धाकटीपेक्षाही कमी सांगितलं. ताईने त्यालाच तो विकला, अंगावरचे दागिनेही मोडले, आणि सगळ्यांत आधी नर्सबाईंचे पैसे चुकते केले. ते कुणाच्या सांगण्यावरून, हे धाकटीला कळलं नाही. भावोजींवरचा खटला चालूच राहिला.

आता दोघी बहिणी बोलतात, पण आईच्या औषधपाण्यापुरतं. आई अधूनमधून विचारते, "गेला का गं तुझा राग?" धाकटी गोळ्या मोजून डबीत भरते आणि म्हणते, "नाही गेला. पाणी घे."